दवबिंदूची कुंडी

मनवाने सावेडीच्या फ्लॅटच्या खिडकीत दवबिंदूची कुंडी ठेवली, तेव्हा सासूबाईंना ते झाड फार आवडलं होतं. पानांवर चमकतं ते दव नसून चिकट डिंक आहे आणि त्यात अडकलेली चिलटं झाड खातं, हे कळल्यावर मात्र त्या भडकल्या.

"या घरात मांसाहार चालत नाही. झाडाचासुद्धा!"

मग रोज अंघोळ झाली की त्या चिमट्याने पानांवरची चिलटं काढायच्या. वर दर गुरुवारी मूठभर शेणखत. महिन्याभरात झाड काळं पडलं.

"मेलं ते, आई. त्याला खत सोसत नाही, सांगितलं होतं मी."

"नखरे नुसते! तूसुद्धा माहेरी मटण खाऊनच वाढलीस ना? तीन वर्षं झाली इथे येऊन. तू कुठे मेलीस?"

मनवाने ती कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली.

"मी कशी मरेन? दर महिन्याला तुमचा सुहास मला काष्टीला माहेरी नेतो ना. आणि तिथे रस्सा माझ्याआधी तोच मागून घेतो."