पायाची शिकवणी

"गुडघा! मोतीराम, गुडघा वाकव! नुसता अंगठा काय दाबतो?"

कडूबाआण्णा पुढच्या लाल गादीवर मागं तोंड करून बसले होते आणि तिथूनच ओरडत होते. मोतीराम गोंडोलाच्या शेवटच्या टोकाला वल्हं धरून उभा होता. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डोक्यावर लाल फीत लावलेली टोपी. गोंडोला जागची हलत नव्हती.

त्याने दात आवळून पुन्हा पेडल दाबलं. काही नाही. शेवटी वैतागून गुडघ्यासकट सगळा भार टाकला, तशी ती संथपणे निघाली.

"आस्सं! आता वल्हं हलव. अन् तोंड हसरं ठेव. लोकाईला वाटलं पाहिजे, हाताचं काम हाय."

वेरूळच्या रस्त्यावरच्या त्या पार्कात कंबरभर पाण्याचा सिमेंटचा कालवा होता. तळाला निळा रंग दिलेला. त्यात ही फायबरची काळी गोंडोला, व्हेनिसच्या धर्तीची लांबट नाव, दिवसभर फेऱ्या मारायची. मागच्या फळीखाली बॅटरी आणि मोटर, गालिच्याखाली पेडल. दाबलं की चालते, सोडलं की थांबते, असं आण्णांनी शिकवलेलं. वळवायची चिंता नव्हती. तळाशी चर होता, त्यातूनच ती फिरायची. वल्हं नुसतं देखाव्याचं.

एवढंच काम. आणि ते शिकण्यात मोतीरामचे तीन दिवस गेले होते.

शेंद्र्याच्या कारखान्यात त्याने अकरा वर्षं पायाने प्रेस चालवली होती. पत्र्यावर दणका कधी पडणार, हे त्याच्या अंगठ्याला डोक्याआधी कळायचं. कारखाना बंद पडला आणि तो चार महिने घरी बसला. ओळखीचं माणूस दिसलं की रस्ता बदलायची सवय लागली होती. आता ही नोकरी मिळते की नाही, ते आज पार्क सांभाळणाऱ्या चारुता मॅडम ठरवणार होत्या. आणि हे खेळण्यातलं पेडल त्याच्या पायाला दाद देत नव्हतं. कधी दाबल्यावर गोंडोला दोन श्वास उशिरा निघायची, कधी सोडल्यावरही हातभर पुढं जायची.

"आण्णा, पेडल अडकतंय. पाच मिनिटं द्या, खोलून साफ करतो."

"हात नाय लावायचा! मॅडमनी निक्षून सांगितलंय. अन् अडकत कुठं? माझ्या पायाखाली कधी अडकलंय? सरक तिकडं."

आण्णा उठले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण त्यांनी गुडघा जरासा वाकवला मात्र, गोंडोला लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पुलाखाली मंदावली, धक्क्याला अलगद टेकली. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"पायात जीव लागतो, बाबा. मी नसलो तर ही नाव कोणाच्यानं चालायची नाय."

मोतीरामला राग आला आणि मागोमाग लाजही वाटली. म्हाताऱ्याला कळत कसं नव्हतं? नवा माणूस शिकवून तयार कर म्हणतात, ते काय उगाच? त्याच्या जागी घ्यायलाच ना?

पुलावरच्या काचेच्या खोलीतून सांडू टक लावून बघत होता. तीन दिवस तो असाच बघत होता. हात टेबलाखाली, नजर नावेवर.

"हा काय करतो हो, आण्णा?"

"त्यो? देखरेखीला हाय. कोणी पाण्यात पडलं तर शिट्टी मारायला. लई आळशी."

म्हणजे मॅडमच्या कानावर सगळं घालणारा हाच, मोतीरामने ओळखलं.

दुपारी मॅडम धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. गोंडोलात जालन्याचं एक कुटुंब बसलं. मोतीरामने देवाचं नाव घेतलं आणि, चिडचिड गिळून, थेट आण्णांची नक्कल केली. तसाच उभा राहिला, तसाच वाकला.

गोंडोला निघाली.

"बघा," बसलेली बाई नवऱ्याला म्हणाली, "एकटा माणूस सहा जणांना वल्हवतोय. तुमच्यानं पाण्याचा जार उचलत नाही."

"त्याला पगार देतात त्याचा," नवरा पुटपुटला.

फेरी पूर्ण झाली. धक्क्याला टेकताना पाणीसुद्धा हललं नाही. आण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "जमलं की रं गाढवा!" आणि स्वतः टोपी घालून पुढच्या फेरीला उभे राहिले. मोतीरामला त्यांच्याकडे बघवेना.

"चला, मोतीरामभाऊ," मॅडम पुलाकडे चालू लागल्या. "उद्यापासून रुजू व्हा. सांडूला चिकलठाण्यात काम लागलंय, तो आजच्या दिवसच आहे."

"मॅडम, एक विचारू? आण्णांना काढणार तुम्ही. तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून नको."

"काढणार? कोणी सांगितलं?" त्या थबकल्या. "दिवाळीत आण्णांना पेडल वेळेवर सोडता आलं नाही, पुलाला धडकले; तेव्हा दोन दिवस घरी बसवलं. जेवले नाहीत हो. त्यांचा पाय आता नीट ओळखता ना?"

"झोपेतसुद्धा ओळखीन," मोतीराम वैतागून म्हणाला.

खोलीत सांडूने मान वळवली नाही. नजर गोंडोलावरच ठेवून त्याने टेबलाखालून तळहाताएवढा रिमोट काढला आणि मोतीरामच्या हातात दिला.

"आण्णाचा गुडघा वाकला की हिरवं बटन दाबायचं, सरळ झाला की सोडायचं. पेडलची वायर दिवाळीतच काढलीय. फक्त त्यांना कळू द्यायचं नाय."