लिलावातला लाल स्वेटर

रविवारची उपासना संपली, की आमच्या टांझानियातल्या डोंगरगावात लुथरन चर्चच्या अंगणात लिलाव होतो. ज्याच्याकडे पैसे नसतात तो देवाला वस्तू देतो आणि मी ती ओरडून विकतो. "घ्या ताजी अंडी! कोंबडी अजून शोधतेय!" त्या रविवारी सगळे हसले. मुलांसाठी कपड्यांचं गाठोडं घेऊन जर्मनीहून आलेल्या उर्सुलाबाईही मी भाषांतर केल्यावर हसल्या. मग मी लाल स्वेटर उचलला आणि त्या दचकल्या. तो त्यांनीच विणून छोट्या फराजाला पाठवला होता. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती, आणि फराजा समोर काकडत उभी होती. मी तिच्या आईवर खेकसलो, "अगं, पाहुणीसमोर लाज काढलीस! घरात दुसरं काही नव्हतं?" "होतं की, दादा," ती म्हणाली. "पण सगळं वापरलेलं. असलं द्यायला लाज नाही वाटणार?" मी भाषांतर केलं. बाईंनी गाठोड्यातून डोकावणारी विटकी बाही आत कोंबली.