डावी दांडी

क्रांतीनं लाल शाई पुसली आणि दांडीच्या डोक्यावर पांढरी पावडर फवारली. आता दहा मिनिटं थांबायचं. पोलादात केसाएवढीही चीर असली, तर आत मुरलेली शाई पावडरीवर लाल रेघ होऊन उमटते.

थळच्या शेडमध्ये शिडाच्या बोटीची डोलकाठी लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती. ती ताठ धरणाऱ्या दोन पोलादी दांड्या तिच्या दोन्ही अंगांना. हे काम क्रांतीला नवऱ्यानं, सम्यकनं शिकवलेलं. चांगल्या दांडीला पांढरी टेप, बाद दांडीला लाल. टेपवर तारीख.

गेल्या वर्षी बोटीचे मालक हर्षदसर ती धक्क्याला आणत असताना उजवी दांडी तुटली. दोर झेलायला उभ्या असलेल्या सम्यकवर डोलकाठी कोसळली आणि तो जागीच गेला.

"त्यानं नीट तपासलंच नव्हतं," सर सांगत सुटले. लेकीला, प्रांजलीला, शाळेतली पोरंसुद्धा तेच ऐकवायची. त्याची चूक होती की नव्हती, हे कळल्याशिवाय क्रांतीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"डावी तीच जुनी ना, सर?"

"हो. तुटायची ती तुटली, ही ठणठणीत आहे. जुनी टेप काढत बसू नकोस, वरून नवी मार. बोट क्लबच्या तपासणीवाल्यांना ताजी तारीख दिसली की झालं." ते हसले. "नवऱ्यासारखा घोळ घातला नाहीस म्हणजे मिळवली."

फोन वाजला, तसे ते बाहेर गेले. क्रांतीनं ब्लेडनं जुनी टेप कापली, नखानं कड उचकटून आत बघितलं आणि ती जेवणाच्या डब्यात टाकली. मग पावडरीवर उमटलेली रेघ वाकून बघितली. शेवटी फडक्यानं सगळं लख्ख पुसलं.

"काय गं, झालं?" सर परत आले.

"झालंच. उद्या बोटीवर बरोबर कोण आहे? लहान मूल वगैरे?"

"तुम्ही आया म्हणजे ना! एकटाच जातोय, मुरुडपर्यंत."

"मग ठीक."

तिनं पांढरी टेप घट्ट गुंडाळली आणि तारीख घातली.

घरी प्रांजली उंबऱ्यातच बसली होती.

"आई, बाबांची चूक होती?"

"नव्हती गं."

"तुला काय माहीत?"

क्रांतीनं डब्यातली टेप काढली आणि नखानं वरचा पांढरा थर सोलला. खाली लाल टेप होती. तिच्यावर अपघाताच्या आदल्या दिवसाची तारीख, आणि सम्यकच्या अक्षरात तीन शब्द : दोन्ही दांड्या बाद.