तळ्यापलीकडचा नावाडी

"मामा, ती नाव बघा. त्योच असंल," शेखलाल उठून उभा राहिला, तशी त्यांची नाव डुचमळली.

सर्जेरावांनी डोळ्यांवर हात धरला. नदी इथं रुंद होऊन एका तळ्यात शिरत होती. तळ्यापलीकडं वाळूची पांढरी पट्टी, आणि पट्टीला लागून समुद्र. काठाची झाडं मुळांवर उभी राहून पाण्यात वाकली होती, त्यांच्यावर बगळे बसले होते. उन्हाळ्यात घोडनदीच्या वाळूत झिरे खोदून पाणी भरणारा माणूस एवढं पाणी बघून हरखला असता. सर्जेरावांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही.

"लई लांब हाय. दिसत न्हाई," ते म्हणाले.

"तुमच्या कीर्तनातली लंका सोन्याची हुती की वो! हितं तर नुसतं नारळच नारळ."

सर्जेराव हसले नाहीत. शेखलाल दौंडच्या इंजिन शेडात फिटर. सर्जेराव न्हावऱ्याचे, जन्माचे टाळकरी. सहा वर्षांपूर्वी दौंडच्या एका कीर्तनात शेखलाल मागं उभा राहून ऐकत होता, त्याला सर्जेरावांनी हाताला धरून पुढं बसवलं, तेव्हापासूनची ही मैत्री. सर्जेरावांचा थोरला, जयसिंग, त्याच्याही आधी परागंदा झालेला. ऐन सप्ताहात तो कीर्तन सोडून तमाशाला गेला, म्हणून बापानं भर मंडपात त्याच्या थोबाडीत मारली होती. त्याच पहाटे पोरगा गेला. मागं चौदा वर्षांची बायको, सारजा.

शेखलालचा भाऊ पाशा लंकेच्या बोटीवर आचारी. त्याचं पत्र आलं, की इथल्या नदीवर एक नावाडी तुमच्याकडचे अभंग म्हणतो. नाव, गाव विचारलं की गप्प बसतो. शेखलालनं त्याच दिवशी रजा टाकली. "मी जातो आन् घिऊनच येतो," म्हणाला. सर्जेराव म्हणाले, "न्हाई. मी येतो." घरी त्यांनी रामेश्वराला जातो एवढंच सांगितलं.

"घरी का न्हाई सांगितलं मामा?"

"आशा लावून काय करायचं?"

"त्ये बी खरं. आन् बारा वर्षं भरली म्हनं. पुतळ्याचं कुनी बोललं न्हाई ना?"

माणसाचा बारा वर्षं ठावठिकाणा नसला, की दर्भाचा पुतळा करून जाळायचा, सुतक धरायचं. मग तो माणूस मेला.

"भटजी म्हनले हुते," सर्जेराव म्हणाले.

"म्हनू द्या. आता कशाचा पुतळा! सूनबाई कुंकू लावती न्हवं अजून?"

"लावती."

"मग झालं तर! हितनंच तार ठोकू."

सर्जेरावांनी मान खाली घातली. कीर्तनात बुवा सेतूचं आख्यान लावत ते त्यांना आठवलं. 'अरे, देवानं समुद्र ओलांडला तो आपलं माणूस घरी आणायला!' असं बुवा म्हणाले की अख्खा मंडप हुंदके देई. सर्जेरावांचे टाळ भिजून जात. आज त्यांना त्या आठवणीचा आधार वाटेना. पांडुरंगा, आता तूच यातनं सोडव, ते मनात म्हणाले.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. अभंगच. गाणारा प्रत्येक चरण अर्धी मात्रा उशिरा धरत होता. त्या अर्ध्या मात्रेसाठी सर्जेरावांनी पोराला लहानपणी किती चापट्या मारल्या असतील! त्यांनी नावेची कड घट्ट धरली.

"मामा! रडताय का? अवो, हसा की!"

नाव वाळूला लागली. झाडाखाली एक काळा माणूस पाठमोरा बसून नावेच्या फटीत काथ्या ठोकत होता. शेखलाल उतरता उतरता थांबला.

"तुमी जावा पुढं. बापलेकाच्या मधी मी कशाला? मी हितंच बसतो, बगळं मोजत." तो तळ्याकडं तोंड आणि त्यांच्याकडं पाठ करून बसला.

सर्जेराव वाळूतून चालत गेले. पावलं वाजली तसा त्या माणसानं मागं वळून बघितलं. हातातली हातोडी गळून पडली.

"आप्पा?"

त्यानं पाय धरले. सर्जेरावांनी त्याला उठवलं, दोन्ही हातांनी त्याचं दाढी वाढलेलं तोंड चाचपलं.

"आप्पा, सारजा हाय न्हवं?"

"हाय."

"म्या येतो. आत्ता येतो. ह्या पान्यावर येक दीस सुखाचा गेला न्हाई माझा. तोंड कसं दाखवू म्हून ऱ्हायलो. आता तुमीच न्यायला आलाव..."

"जया," सर्जेराव हळू आवाजात म्हणाले, "त्यो नावंतला माझा दोस्त, शेखलाल, येकटा आला असता तर तुला घिऊनच गेला असता. म्हनून मी आलो."

जयसिंगला कळलं नाही. तो ओल्या डोळ्यांनी हसतच होता.

"चैतात तुझा पुतळा जाळला, बाबा. तुझ्या धाकल्या भावासंगं, मल्हारीसंगं, सारजाचा पाट लावला. पाचवा म्हैना हाय तिला. बारा वर्षांनी पोर हसाय लागली."

समुद्राच्या बाजूनं वारा आला. जयसिंगनं बापाचे हात सोडले. खाली वाकून त्यानं हातोडी उचलली आणि पाठ फिरवून पुन्हा काथ्या ठोकू लागला.

सर्जेराव नावेपाशी परत आले. शेखलाल धावतच पुढं झाला. "काय मामा? त्योच न्हवं?"

"न्हाई रं," सर्जेराव नावेत चढता चढता म्हणाले. "साताऱ्याकडचा हाय कुनी. आईबाप कवाच मेलं म्हनतो बिचारा."