माशीवरची रेघ

पोलिसांच्या शस्त्रागारात सोनटक्के हवालदारांनी तीस वर्षं एकच काम केलं. जुनी थ्री नॉट थ्री रायफल पाच गोळ्या झाडून बघायची, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी हातोडीनं केसभर सरकवायची, आणि नेम जमला की माशीवरून खालच्या लोखंडापर्यंत छिन्नीनं एक बारीक रेघ मारायची. माशी हलली तर रेघ तुटलेली दिसते.

बारा वर्षांपूर्वी भामरागडच्या जंगलात नक्षलवाद्यांच्या गोळीबारात गस्तीवरचे तीन जवान गेले, तेव्हा त्यांची एक रायफलही गेली होती. परवा त्यांच्या दलातली बुधरी शरण आली, तिनं ती सोबत आणली. इतकी वर्षं रानात आपटलेली रायफल, नेम कुठल्या कुठं गेला असणार, म्हणून सोनटक्क्यांनी हातोडी आधीच काढून ठेवली. पण पाचही गोळ्या टार्गेटच्या मधोमध, मुठीएवढ्या जागेत बसल्या. हातोडी परत पेटीत गेली.

रजिस्टरात ‘दुरुस्ती नाही’ असं लिहून ते व्हरांड्यात आले. बुधरी तिथं बाकावर चहा पीत बसली होती.

“बाई, हिची माशी तिकडं कोनं जमवली?”

“कोनीच नाई भाऊ. हात लावाचं कामच नाई पडलं.” कप खाली ठेवून ती पुढं म्हणाली,

“ज्यानं ते रेघ मारली ना, त्याचा हात लय साफ. बारा वर्षं त्याच्याच भरोशावर गोळी मारली मी.”