टाकीतली चांदी

"मॅडम, तुमी इथं?" दार उघडून धम्मपाल तसाच उभा राहिला.

कामोठ्यातले तीन जिने चढताना सुचितानं मनात जुळवलेली सगळी वाक्यं त्या दारातच विरून गेली. तिला एवढंच बोलता आलं, "आत येऊ?"

त्याची आई, गिरजाबाई, खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून बाजूला झाली. बसा मात्र म्हणाली नाही. सुचिता आपणहून बसली. आता मानापमान बघायची तिची पायरी राहिली नव्हती.

तिनं पर्समधून एक डबी काढली. आत चांदीचं नाणं होतं. कडा कुरतडलेल्या, लक्ष्मीचा चेहरा पार पुसून गेलेला.

"रबाळ्याच्या कारखान्यातली मोठी टाकी परवा रिकामी केली. तळाच्या गाळात हे निघालं," ती म्हणाली. "उद्घाटनाला पुतळाकाकूंनी शुभ म्हणून टाकलेलं. आठवतं?"

धम्मपालनं नाणं हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं.

त्या टाकीत सोन्याचा दगड भिजत पडलेला असे. दगडातलं सोनं गंधकाच्या खनिजात अडकलेलं. जिवाणू ते खनिज खातात, मग सोनं मोकळं होतं. पण हे जिवाणू भलतेच आळशी. तांब्याचे थोडे आयन सोडले की ते झपाट्यानं कामाला लागतील, असं तिथली संशोधक म्हणून सुचिताचं म्हणणं. तिच्या शब्दावर विसंबून गोटीरामशेठनी कारखान्यात एवढी मोठी टाकी उभारली. पुतळाकाकू म्हणजे शेठची बायको.

कित्येक महिने टाकी ढिम्म हलली नाही. मग एकाएकी वेग आला. शेठनी पेढे वाटले, सुचिताचं नाव झालं. पुढं दगड पुरवणाऱ्या खाणवाल्यांनी टाकीतलं पाणी तपासून घेतलं, तर त्यात चांदी; तिनंही हे काम झपाट्यानं होतं. म्हणजे वेग तांब्याचा नव्हताच. टाकी सांभाळायचा धम्मपाल, रसायनांच्या कपाटाची चावीही त्याच्याकडे. शाबासकीसाठी यानंच गुपचूप चांदीचं मीठ टाकलं, असं ठरवून सगळे मोकळे झाले.

चौकशीच्या बैठकीत सुचिता खाली मान घालून बसली होती. धम्मपालनं एकदाच तिच्याकडे पाहिलं होतं. त्यानंतर त्याला कुठल्याच लॅबनं दारात उभं केलं नाही. आता तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात गेटवर नोंदी करत होता. आणि तिला धड झोप नव्हती.

"शेठना दाखवलं?" धम्मपालनं विचारलं.

"कालच. म्हणाले, 'पोराला परत आन. चूक आपली हाय.' तुमची जागा, वाढीव पगार, खाणवाल्यांना माफीचं पत्र, सगळं देतायत."

"म्हंजी माज्या लेकरानं काय केलंच नव्हतं?" गिरजाबाई मध्येच म्हणाली.

"काही नाही, मावशी. काहीसुद्धा नाही."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "चोरावानी खाली बघून चालायचं वो हे. जातीच्या, गोताच्या कुनाच्या लग्नाला आलं नाही." मग डोळे पुसून उठली. "जेवल्याबिगर जायाचं नाही तुमी. भाकरी टाकते."

सुचिताचेही डोळे भरून आले. फार उशीर केला आपण, फार. पण निदान या बाईला आज रात्री सुखानं झोप लागेल.

"एकच गोष्ट शेठ विचारत होते," ती डोळे टिपत म्हणाली. "चौकशीत तुम्ही नाण्याबद्दल का बोलला नाहीत? तेवढं एक बोलला असतात, तर सुटला असतात."

आत भाकरी थापल्याचा आवाज सुरू होईपर्यंत धम्मपाल थांबला. मग नाणं डबीत ठेवून त्यानं झाकण लावलं आणि डबी तिच्यापुढं सरकवली.

"कारण कल्चरमध्ये चांदी नको म्हणून उद्घाटनाच्याच संध्याकाळी तुमी ते गाळणीनं बाहेर काढलंत," तो हळू आवाजात म्हणाला. "मी शिडीमागंच होतो. परत कधी टाकलंत, मॅडम?"