एक थेंब

औशाच्या छोट्या चर्चमध्ये एस्तेरबाई संडे स्कूलच्या मुलांना श्रीमंत माणूस आणि लाजर यांची गोष्ट सांगत होत्या. नरकात होरपळणारा श्रीमंत जिभेवर पाण्याचा एक थेंब मागतो, इथवर त्या आल्या.

"बाई, शांतवनकाका बी पानी मागायलेत," चिमुकली सुवार्ता रिकाम्या बाकाकडं बघत म्हणाली.

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "न्हाई गं बाळा, काका तर स्वर्गात हायेत." गेल्या महिन्यात नवऱ्याला, शांतवनला, मूठमाती देताना त्यांनी स्वतःचीही हीच समजूत घातली होती.

सुवार्तानं माठात बोट बुडवून बाकापुढं धरलं. पाणी निथळणारं बोट बघता बघता कोरडंठाक झालं.

"एवढ्यानं भागत न्हाई म्हनतेत," ती हसली. "म्हनतेत, तुझ्या बाईलाच हिकडं धाड."